उलट्या फिरलेल्या पंख्याबद्दल

आप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. आपण एकाच घरात राहत होतो आणि एकाच दुकानात राबत होतो, त्यामुळे पत्राचं काम कधी पडलंच नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की भिंतीवरचा तुमचा फोटोसुद्धा पिवळा पडत चाललाय, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. समोर असतात तर मी भांडले नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नसे. म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

सुरुवात चांगल्यापासून करते, म्हणजे पुढचं बोलायला जोर येईल. नाशिकच्या पेठ नाक्यावरचं आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, पत्र्याचं शटर, आत एक टेबल, बाहेर जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स मी पुरा केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी लग्न करून गेली आणि मी तुमच्या दुकानात आले. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. उलट पहिल्याच आठवड्यात मला टेस्ट लॅम्प करून दिलात. सायकलच्या चाकातली आरी घासून केलेलं टोक, इंडिकेटरचा जुना बल्ब, लाल वायर आणि मुठीला गुंडाळलेली चिकटपट्टी. बाजारात तो तयार मिळत होता, पण तुम्ही माझ्या मुठीचं माप घेऊन केलात. "हातात बसला पायजे," म्हणालात, "नायतर करंट शोधता शोधता माणूस अवजारच शोधत बसतो." शेजारचा पंक्चरवाला हसला, की मास्तर, पोरीला दागिने द्यायचे सोडून हे काय देता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसासाठी मी हात कापून देईन.

इंजिनाचं पाणी गार ठेवणाऱ्या पंख्याचं काम तुम्ही मला जीव ओतून शिकवलंत. जीपवाल्यांना त्याची फिकीर नसे, त्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर, इंजिन फिरलं की पंखा फिरणारच. पण नव्वदनंतर छोट्या गाड्या वाढल्या आणि त्यांचा पंखा विजेवर चालायचा. नाक्यावरचे निम्मे मिस्त्री त्याला हात लावायला घाबरत. तुम्ही पाटीवर काढून दाखवावं तसं मला बॉनेटच्या पत्र्यावर खडूनं काढून दाखवलंत. रेडिएटरच्या अंगाला बसलेला थर्मोस्विच, पाणी ठरावीक तापलं की आतल्या आत जोडला जाणारा. तो साहेब. रिले हा शिपाई. साहेब नुसती मान हलवतो, ओझं शिपाई उचलतो. पंख्याचा जोराचा करंट बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेत, रिलेतून मोटरला, मोटरकडून बॉडीला. साहेबाच्या अंगावर ओझं टाकायचं नाही, तो जळतो. हे मी आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आणि 'डायरेक्ट' हा शब्द तुम्हाला शिवीसारखा लागायचा. थर्मोस्विच गेला की बाकीचे मिस्त्री सरळ चावीवरून वायर ओढून पंखा जोडून द्यायचे, किंवा डॅशबोर्डखाली एक बटण ठोकून द्यायचे, की ड्रायव्हरला आठवलं तर दाबेल. एकदा एका घाईतल्या गिऱ्हाइकासाठी मीही तसंच करून दिलं. तुम्ही चहा पिऊन आलात, बॉनेटमध्ये डोकावलात, पक्कड घेतलीत आणि मी जोडलेली वायर त्या माणसासमोर कापून टाकलीत. "पंखा दिवसभर फिरवायचा असंल तर गाडी कशाला, पिठाची गिरणी घे म्हणावं यांना," असं मला म्हणालात, त्याला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी जाताना वाटलं, हा माणूस कामाशी खोटं बोलत नाही. कामाशी खोटं न बोलणारा माणूस माणसांशी कसं बोलेल, हा माझा तेव्हाचा हिशेब. किती बावळट होते मी.

तुमचा सगळ्यात कडक नियम होता पानाचा. भिंतीवर तारखांचा डट्टा असायचा, रोज एक पान फाडायचं. फाडलेलं कालचं पान तुम्ही टाकू देत नव्हतात. पंख्याचं कुठलंही काम झालं की इंजिन तापवायचं, पंखा सुरू झाला की ते पान गाडीच्या समोरच्या जाळीला लावायचं आणि हात सोडायचा. पान जाळीला चिकटून राहिलं तर पंखा हवा आत ओढतोय, गाडी जाऊ द्या. पान उडून अंगावर आलं तर मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्यात आणि पंखा उलटा फिरतोय. उलटा पंखा आवाजावरून कळत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तो तसाच घोंघावतो. गाडी उभी असताना थोडंफार निभावतोसुद्धा. पण गाडी पळायला लागली की समोरून येणारा वारा आणि मागून फेकणारा पंखा एकमेकांशी भांडतात आणि मधल्या मधे पाणी उकळतं. नाक्यावर बाकी कुणी हे पान लावत नव्हतं, म्हणून आपल्या दुकानाचं नाव होतं.

त्याच वर्षी सिन्नरहून मला बघायला पाहुणे आले होते. आईनं सकाळपासून मला स्वयंपाकघरात बसवून नखं घासली, राखेनं, मग लिंबानं, मग बेसनानं. ती घासतेय आणि पुटपुटतेय, "इंजिनाचं काळं का जातं कधी." चहा दिला तेव्हा मुलाच्या आत्यानं माझा हात धरला, उलटा केला, बोटांकडे बघितलं आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवून दिला, भाजीवालीकडची शिळी मेथी परत ठेवतात तसा. जाताना दारात म्हणाली, "मुलगी गाडीखाली झोपते म्हणं?" पाहुणे गेल्यावर तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं तुम्हाला त्यांचा राग आलाय. माझ्या बाजूनं आलेला राग समजून मी त्या दिवशी तुमच्या ताटातली भाकरी झाकून ठेवली.

मग ती पांढरी गाडी. पेठच्या किराणावाल्या काकांची, जुनी घेतलेली. आठवड्यातून एकदा ते माल बघायला नाशिकला यायचे आणि दुकानात बसून आईच्या हातचा चहा मागायचे. गाडीचा पंखा कुणीतरी डायरेक्ट केलेला होता. मी सकाळपासून त्या गाडीला भिडले. नवा थर्मोस्विच बसवला, रिले टाकला, फ्यूजची डबी लावली, जळकी वायर काढून नवी ओढली. इंजिन तापवलं, पंखा लागला. मी पान लावलं. ते चिकटलं. मी तुम्हाला हाक मारून दाखवलं, तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात, तुम्ही मान हलवलीत. मग मी जेवायला घरी गेले. परत आले तर गाडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गाडी ट्रकच्या मागे दोर बांधून आली. सावळघाटात पाणी उकळलं, काकांनी गाडी बाजूला घेतली, पंचा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि सगळं कोपरापर्यंत हातावर आलं. गाडीबरोबर ते आले नव्हते, त्यांचा भाचा आला होता आणि तो ओरडत होता. नाक्यावरची दहाएक माणसं जमली. तुम्ही बॉनेट उघडलंत, वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात. मग सरळ झालात, हात पुसलेत आणि भाच्याला म्हणालात, "पंखा उलटा जोडला गेलाय. काम पोरीनं केलंय." मी म्हणाले, "आप्पा, मी पान लावलं होतं." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "न्हाय लावलं तू. लावलं असतं तर हे झालं असतं का?"

आप्पा, मी पान लावलं होतं. ते जाळीला चिकटलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण तुम्ही इतक्या थंडपणे नाही म्हणालात की संध्याकाळपर्यंत मला खात्री राहिली नाही. आठवडाभरात मला वाटायला लागलं की ते पान दुसऱ्या गाडीला लावलं असेल, आदल्या दिवशी लावलं असेल. महिन्याभरात मला पक्कं आठवायला लागलं की मी पान लावलंच नव्हतं. बघा, तुमच्या एका वाक्यानं माझी आठवणसुद्धा बदलली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला पंख्याच्या कामाला हात लावू दिला नाहीत, मग हेडलाइटच्या, मग कशालाच. दोन महिन्यांनी तुमच्या ओळखीनं मी अंबडला कंपनीत लागले. आईनं पेढे वाटले. नखं पांढरी झाली, पुढच्या वर्षी लग्नही झालं.

कंपनीत काय करायचे, तुम्ही कधी विचारलं नाहीत. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे. मोठ्या लाकडी फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यामधून रंगारंगाच्या वायरी ओढायच्या, टोकांना पिना दाबायच्या, टेप गुंडाळायची. पुढे पुढे पंख्याचं कामही बदललं. साहेबाची, म्हणजे त्या थर्मोस्विचची, जागा गाडीतल्या कॉम्प्युटरनं घेतली. आता पाण्यात नुसता एक सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला ताप कळवतो आणि कॉम्प्युटर ठरवतो पंखा हळू फिरवायचा की जोरात. वायरिंगचे नकाशे आले की बाकीच्या बाया डोक्याला हात लावायच्या आणि मला ते वाचता यायचं. सुपरवायझरच्या लक्षात आलं. त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर घ्यायचं ठरवलं, जिथं तयार जुडगा जोडून बघतात आणि बरोबर असला तर सही करतात. मी नाही म्हणाले. त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. त्यांना वाटलं हिला जबाबदारी नकोय. त्यांना काय सांगणार होते, की माझ्या हातानं एक माणूस भाजलाय, माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका? माझ्यानंतर लागलेल्या पोरी त्या टेबलावर गेल्या आणि मी पिना दाबत राहिले.

तुम्ही गेलात त्यानंतर तिसऱ्या वर्षी मला वाटलं, आता तरी त्या काकांची माफी मागावी. सुट्टीच्या दिवशी एसटीनं पेठला गेले. घाटात एका वळणावर बस थांबली तेव्हा मी खिडकीकडे पाठ केली. काका म्हातारे झाले होते, पण दुकानात बसलेले होते, नागलीच्या पोत्याला टेकून. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारी, गुलाबी. मी ओळख दिली, तर त्यांनी आत बघून काकूंना हाक मारली, "अगं, नाक्यावरल्या मास्तरची पोर आलीय, चहा ठेव." मी उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, तुमच्या हाताला मी कारण झाले. मी त्या दिवशी चुकले. मला माफ करा."

काकांनी पोत्याला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाले, "तू कशाला माफी मागती? तुझ्या बापानं मला तवाच सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुला नाय ठावं?" ते काकूंकडे बघायला लागले. काकूंनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा ते सांगायला लागले. मी जेवायला गेले तेव्हा ते स्वतः गाडी न्यायला आले होते. मोटर थोडी खरखरतेय असं ते तुम्हाला म्हणाले. तुम्ही फळीवरची दुसरी जुनी मोटर काढून बसवलीत. तिच्या वायरींचे रंग उलटे होते, तरी तुम्ही काळ्याला काळी जोडलीत. पंखा घोंघावला, तुम्ही बॉनेट लावलंत, त्यांना घाई होती, तुम्हालाही. पान लावलं नाहीत. तुम्ही, आप्पा. तुम्ही लावलं नाहीत.

"दवाखान्यातून घरी आलो तर चौथ्या दिशी तुझा बाप एसटीनं हितं आला," काका म्हणाले. "तिथंच बसला व्हता, पायरीवर. लय रडला. म्हणला, मोटर मी बदलली, पोरीचं काम चोख व्हतं. मी म्हणलं, मंग पोरीला का बोललास चारचौघांत? तर म्हणला, तोंडातून निघून गेलं. आता ऱ्हाऊ द्या तसंच. दुकानात आली तर पोरीचं लग्न व्हायाचं नाय. कंपनीत लागंल, सुटंल. तिला सांगू नका म्हणला. मला वाटलं, तो गेल्यावर तरी कुणी सांगितलं आसंल."

काकू म्हणाल्या, "बापानं भल्यासाठीच केलं आसंल गं." मी चहा तसाच ठेवला. त्यांच्या घरचा चहा ठेवून येणं बरं दिसत नाही, हे कळत होतं, तरी निघाले.

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही. मला राग आला होता, इतका की शेजारची बाई सरकून बसली. तुम्ही पन्नासेक किलोमीटर जाऊन परक्या माणसाच्या पायरीवर बसून खरं बोलू शकलात. तेच खरं माझ्यापाशी बोलायला तुम्हाला आपल्या घरातल्या चुलीपाशी फक्त तोंड उघडायचं होतं. त्याच दिवशी तुम्ही पेठहून घरी आला असणार. मी तुम्हाला पाणी दिलं असणार. माझ्या हातून तो तांब्या घेताना तुम्हाला काय वाटलं, हे मला विचारायचं आहे. तोंडातून निघून गेलं, हे मी समजू शकते. घाबरलात, नाक्यावर नाव जाईल म्हणून खापर माझ्यावर फोडलंत, हेही समजू शकते, माणसाकडून होतं. पण चौथ्या दिवशी तुम्ही घाबरलेले नव्हतात. तेव्हा तुम्ही विचार करून मला खोट्यात ठेवलंत. मला दुकानातून काढायचं होतं तर काढायचं होतंत, आप्पा. 'नको येऊ उद्यापासून, लोक नावं ठेवतात' एवढं म्हणायचं होतंत. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि अंबडला गेले असते. पण मी चांगली कारागीर आहे हे माझ्याकडे राहिलं असतं. तुम्ही तेच काढून घेतलंत, आणि वर ते माझ्या भल्यासाठी.

आई अजून आहे. तिला मी हे सांगितलेलं नाही. तिला माहीत होतं का, हेही विचारलेलं नाही, कारण ती हो म्हणाली तर मग मी कुणाकडे जाऊ? तपासणीचं टेबल मात्र मी पेठहून आल्यावर पुढच्याच सोमवारी मागितलं. सुपरवायझर म्हणाले, आता वय झालं बाई, आता तिथं डिप्लोमावाली मुलं घेतात. बरोबर होतं त्यांचं.

आणि आता दवाखान्यातल्या त्या दुपारचं. याच्यासाठीच खरं तर एवढं सगळं लिहीत आले. तुमचे शेवटचे दिवस, डॉक्टरांनी हात टेकले होते. आई खाली औषधं आणायला गेली होती आणि खोलीत आपण दोघंच होतो. मी तुमचे पाय चेपत होते आणि मला वाटलं, हे ओझं घेऊन मी तुम्हाला जाऊ देऊ नये. मी म्हणाले, "आप्पा, त्या पेठच्या गाडीचं. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं. मला माफ करा." तुम्ही डोळे उघडलेत. तेव्हा तुम्हाला शुद्ध होती, बोलता येत होतं, आई येईपर्यंत वेळही होता. तुम्ही हात उचललात, त्याला सलाईनची सुई होती तरी उचललात, माझ्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "जाऊ दे गं. मी कधी मनात ठेवलं नाही."

तुमच्या चुकीची माफी मी मागितली, आणि तुम्ही ती दिलीत!

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. तुमच्या फोटोसमोर वाचायचं मनात होतं, तेही करणार नाही, शब्द संपायच्या आत मलाच तुमची दया येईल आणि ती मला नको आहे. फक्त एक सांगते, आणि हे सांगायची मला लाज वाटते. त्या दुपारी तुम्ही डोक्यावर हात ठेवलात तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं होतं, जन्मात कधी वाटलं नव्हतं तितकं. आता सगळं कळलंय, तरी ते मोकळं वाटणं अजून जात नाही.